शुक्रवारची भट्टी

इस्तरवशन,
८ सप्टेंबर २००२

आदरणीय सादबर्ग आपांना धाकट्या होलमतचा सलाम.

आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमची, दाजींची आणि पोरींची खुशाली कळावी. दुशान्बेत अजून उकडतं का? इथे पहाटे गारवा सुरू झालाय. द्राक्षं यंदा बरी आली, मावजुदाने गच्चीवर वाळत घातलीत. तिचा गुडघा तसाच आहे. जिना चढताना खुदाचं नाव घेते, उतरताना माझं. होशिम ड्रायव्हरबरोबर नाशपातीची पेटी पाठवतोय. काठोकाठ भरून दिली आहे. कमी निघाली तर त्याला विचारा. माणूस चांगला आहे, पण घाट लांब आहे आणि भूक कोणाला चुकली आहे?

अक्षर वाकडं आलंय, तिकडे लक्ष देऊ नका. बाजारातून वही आणली ती पुसट रेघांची निघाली. शाईसुद्धा हल्ली पाणी घालून विकतात. बल्बचं तेच. वीज येते तीच मुळी पिवळी, धुरकट. माणसं फसवायला बसलीत, आपा. एकावरही विश्वास ठेवायची सोय राहिली नाही.

काम आहे. चिनी सुऱ्या बाजारात ढिगाने आल्यात, पण कसाई, चांभार, सुतार अजून आपल्याच लोहारआळीत येतात. रीत तीच. जुन्या ट्रकांचे कमानपाटे येतात, इलहोम ते कापतो, मी ठोकतो आणि पात्याला पाणी मीच पाजतो. पाणी पाजण्याचं काम घरातल्या मोठ्याचं, उस्तोचं, हे बाबांपासून चालत आलंय. पातं लाल करून विझवायचं, मग पुन्हा हलकेच तापवायचं. गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग चढला की थांबायचं. पुढे गेलं, निळं पडलं, की धार मेली. अलीकडे थांबलं तर काचेसारखं तुटतं. हे तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर भट्टीशेजारीच चालायला शिकलात.

आता मुद्द्यावर येतो. काळजी करण्यासारखं काही नाही, पण तुम्हाला नाही तर कोणाला लिहू? इलहोमचं लक्षण मला ठीक वाटत नाही.

त्याची बायको गेल्यापासून आपला हा धाकटा भाऊ आमच्याच घरी जेवतो, आमच्याच घरी झोपतो. तो मला आको म्हणतो, मीही थोरल्या भावासारखं वागलो, त्याला कधी परका मानला नाही. पण आता ऐका. शुक्रवारी आपण भट्टी पेटवत नाही, हा बाबांचा नियम. दुपारी मी मशिदीत जातो. इलहोम म्हणतो, ‘मी वरच्या आळीतल्या मशिदीत जातो, तिथला इमाम लवकर आटोपतो.’ मला ते खरं वाटलं होतं. मागच्या महिन्यात मी नमाज पढून आलो आणि सांडशी शोधताना राखेत हात गेला. चटका बसला! आदल्या दिवशीपासून थंड असलेल्या भट्टीत विस्तव कुठून येतो?

तेव्हापासून मी लक्ष ठेवून आहे. कोळसा माझ्या अंदाजापेक्षा लवकर संपतो. इलहोम आणि मावजुदा स्वयंपाकघरात कुजबुजत असतात आणि मी आलो की गप्प होतात.

“काय बोलत होतात?” मी विचारलं.

“मिठाबद्दल,” मावजुदा म्हणाली.

“मिठाबद्दल एवढं हळू?”

“तुम्हाला मीठ जास्त झालं की राग येतो, म्हणून.”

हे काय उत्तर झालं?

परवा एक चांभार आला. म्हणाला, “उस्तो, तुमचा हात अजून तरणा आहे हो! या सुरीने कातडं लोण्यासारखं कापलं.” मी खूश व्हायला हवं होतं. सुरी हातात घेतली, पात्याला नखाने टिचकी मारली. आपा, तो आवाज माझ्या पाण्याचा नव्हता. ठसा माझा, घडण माझी, पाणी दुसऱ्याचं. मग माझी पाती जातात कुठे? कोण बदलतं? शेजारचा उस्तो तुरगुन, लहानपणी तुमच्या वेण्या ओढायचा तो, हल्ली माझ्याशी बोलता बोलता मध्येच थांबतो. सगळी आळी कसल्या तरी कटात आहे आणि मीच तेवढा बाहेर आहे, असं वाटतं.

इलहोमने तिकडे दुशान्बेत एखादं दुकान बघितलंय का? दुसरं लग्न करायचा बेत आहे का? माझी पाती चोरून विकतोय आणि पैसे गाठीला बांधतोय, असं माझं मन म्हणतं. त्याला काही विचारू नका, त्याला सुगावा लागता कामा नये. हे पत्र वाचून चुलीत टाका.

तुमचा भाऊ,
उस्तो होलमत


इस्तरवशन,
२९ सप्टेंबर २००२

सादबर्ग आपा, सलाम.

नाशपाती पोचल्या आणि गोड निघाल्या, हे कळून बरं वाटलं. किती पोचल्या ते तुम्ही लिहिलं नाही. असो.

माझा संशय खोटा नव्हता.

परवाच्या शुक्रवारी मी टोपी घातली, मावजुदाला सांगून नमाजाला निघालो, आणि कोपऱ्यावरून चांभारांच्या गल्लीत शिरून मागे फिरलो. खुदा माफ करो, नमाज चुकवली. आळी रिकामी होती. आमच्या दाराशी येतो तो आतून भट्टीच्या पंख्याचा आवाज, कोळशाचा वास. दार ढकललं. इलहोम भट्टीपाशी उभा होता. ऐरणीवर पाती ओळीने मांडलेली. मी आठवडाभर घडवलेली, शनिवारी मुठी बसवायला ठेवलेली माझी पाती.

“काय चाललंय?”

तो दचकला. “आको, तुम्ही नमाजाला…”

“मी विचारलं, काय चाललंय?”

“थोडं काम राहिलं होतं.”

“शुक्रवारी? माझ्या मागे? माझ्या पात्यांवर?”

मी त्याच्या हातातलं पातं हिसकावलं. ठशावर बोट फिरवलं, माझाच ठसा. त्याला धरून बाहेर ओढत आणला. तेवढ्यात मशीद सुटली होती, माणसं आळीत परत येत होती. बरं झालं, म्हटलं, साक्षीदार आले.

“ऐका रे सगळे!” मी ओरडलो. “माझ्या घरात चोर निघाला! माझ्या ताटात जेवतो आणि माझीच पाती चोरतो!”

मावजुदा दुखऱ्या गुडघ्यानिशी धावत आली. इलहोमला म्हणाली, “अरे, बोल ना! सांगून टाक की!”

इलहोम तिला म्हणाला, “वहिनी, तुम्हाला माझी शपथ. गप्प राहा.”

मला सांगा आपा, एवढं कसलं गुपित? दिराने वहिनीला शपथ घालायची आणि नवऱ्याने ऐकत उभं राहायचं? माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्याने कमरेला बांधलेलं चामडं सोडलं, खुंटीला अडकवलं, आणि जाताना एवढंच म्हणाला, “आको, भट्टीत एक पातं आहे. जळेल. तेवढं काढून घ्या.”

मी काढलं नाही. जळू दिलं.

आळीतली सगळी माणसं माना खाली घालून उभी होती. तुरगुनसुद्धा. घरच्या चोराची लाज त्यांनाही वाटली असणार.

तेव्हापासून मी एकटाच भट्टी चालवतोय. चालतंय, का नाही चालणार? इलहोमच्या आधीही मी लोहारच होतो. मावजुदा माझ्याशी बोलत नाही. चहाचा पेला मुद्दाम अशा जागी ठेवते की माझा हात लागून सांडावा. नान समोर ठेवते आणि ठेवलंय म्हणून सांगत नाही. मी समजून आहे. दोघांचं काहीतरी ठरलेलं होतं आणि ते फिसकटलं, त्याचा हा राग.

तुरगुनने त्याला आपल्या भट्टीवर ठेवलं असेल म्हणून मी सहज जाऊन आलो. नाही ठेवलेला. बसच्या थांब्यावरचे लोक म्हणतात, दुशान्बेच्या गाडीत बसला.

तो तुमच्याकडे आला असेल तर लिहा. आला नसेल तरी लिहा.

तुमचा,
उस्तो होलमत


इस्तरवशन,
१० नोव्हेंबर २००२

सादबर्ग आपा, सलाम.

हे अक्षर मावजुदाचं आहे. माझा अंगठा दुखावलाय, म्हणून मी सांगतोय आणि ती लिहितेय. मी सांगतो तेवढंच लिहिते ना, हे पाहण्यासाठी प्रत्येक ओळ तिच्याकडून वाचून घेतोय.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही लिहिता, इलहोमचा काही पत्ता नाही. आणि त्याच पत्रात खाली लिहिता, अंगणाचं फाटक आता कुरकुरत नाही, नवी बिजागरी किती छान बसली आहे. आपा, दाजींना साधा खिळा सरळ ठोकता येत नाही, हे मला तुमच्या लग्नापासून ठाऊक आहे. बिजागरी कोणी बसवली?

राहू द्या. उत्तर देऊ नका. तसंही घाटात बर्फ पडायला लागलंय. होशिम म्हणतो, ही शेवटची खेप. मग वसंतापर्यंत तुम्ही तिकडे आणि आम्ही इकडे.

इथे एक वाईट गोष्ट घडली. बोबोकुल कसायाने माझ्याकडून नवी सुरी नेली होती. इलहोम गेल्यानंतर घडवलेली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्या एकट्याच्या हातची. मेंढीच्या सांध्यात घातली आणि पातं मुठीजवळून तुटलं. त्याचा तळहात चिरत गेलं. शिरा तुटल्या.

बातमी आली तेव्हा मी म्हणालो, हाडावर आपटली असेल. मग म्हणालो, कमानपाटाच खोटा निघाला. मग म्हणालो, इलहोम जाताना पोलादात काहीतरी करून गेला.

काही दिवसांनी बोबोकुल स्वतः दारात आला. धिप्पाड माणूस, आवाजावरून लगेच ओळखला.

“उस्तो, सलाम. हे बघा,” तो म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

मला वाटलं, सलाम करून हात मिळवतोय. म्हटलं, मोठ्या मनाचा माणूस, राग धरला नाही. मी त्याचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि दाबला, आपण दाबतो तसा.

आपा, तो मला जखम दाखवत होता. हाताला ही एवढी पट्टी बांधलेली होती. तो किंचाळला आणि गुडघ्यावर बसला.

बोबोकुल उठला, जवळून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याचा श्वास मला लागत होता. मग म्हणाला, “मी तुम्हाला शिव्या घालायला आलो होतो, उस्तो. पण तुम्हाला तर…” आणि पुढचं न बोलता निघून गेला.

*आपा, मी मावजुदा. हे बोलायचे थांबलेत आणि भिंतीकडे तोंड करून बसलेत, तोवर मी माझं लिहिते. यांच्या अंगठ्याला काहीही झालेलं नाही. यांना दिसत नाही. दोन वर्षं होत आली. आधी रंग गेले, मग चेहरे, आता नुसत्या आकृत्या दिसतात. विचारलं की चिडायचे, कधी बल्बला शिव्या, कधी कोळशाच्या धुराला. पाती बिघडायला लागली. कधी मऊ, कधी ठिसूळ. मीच इलहोमच्या पाया पडले, म्हटलं काहीतरी कर, यांचं नाव जाईल. तो दर शुक्रवारी यांची पाती भट्टीत घालायचा आणि नव्याने पाणी पाजून, होती तशी ओळीने ठेवून द्यायचा. मुठी शनिवारी बसायच्या, तोवर सगळं झालेलं असायचं.*

*त्या दिवशी तो निघाला तेव्हा मी चांभारांच्या गल्लीत त्याला गाठलं. म्हटलं, एवढं ऐकून घेतलंस, एक शब्द बोलला असतास तर? तो म्हणाला, “वहिनी, चोराच्या भावाच्या सुऱ्या लोक घेतील. आंधळ्या लोहाराच्या सुऱ्या कोण घेईल?”*

*बिजागरी त्यानेच बसवली असणार. त्याला जेवायला लोणी जास्त घाला.*

ही एवढा वेळ काय लिहीत बसलीय? मी तर थांबलो होतो. वाचून दाखव म्हटलं तर म्हणते, नणंद-भावजयीचं आहे. बरं.

बोबोकुल गेल्यावर मावजुदाने दोन पाती माझ्या हातात दिली. “दारात उजेडात जा,” म्हणाली, “आणि यातलं पिवळं कोणतं, निळं कोणतं ते सांगा.” मी दारात गेलो. खूप वेळ बघितलं. मग म्हणालो, “डावं पिवळं.” ती रडायला लागली. बरोबर होतं की चूक, मी विचारलं नाही. मला ऐकायचं नव्हतं.

मग तिने मला सगळं सांगितलं. मी म्हणालो, खोटं बोलतेस, त्याला वाचवायला बोलतेस. दोन दिवस तेच म्हणत राहिलो. तिसऱ्या दिवशी भट्टीपाशी गेलो आणि पेटवलीच नाही.

लिही, मावजुदा. मी सांगतो तसंच लिही. आपा, मला दिसत नाही.

इलहोमला काही सांगू नका. जे बोलायचं ते मी बोलेन.

तुमचा,
होलमत


इस्तरवशन,
२२ जून २००३

सादबर्ग आपांना सलाम, दाजींना सलाम, पोरींना माया.

हे अक्षर माझं आहे. बघा, ओळी सरळ आल्यात. वही तीच आहे, आणि खरं सांगायचं तर रेघा मुळीच पुसट नाहीत.

हिवाळा कसा गेला ते थोडक्यात लिहितो. मोतीबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आयुष्यभर आगीत डोळे घालून बसलात, दुसरं काय होणार? फेब्रुवारीत खुजंदला एका डोळ्याचं काम झालं, दुसऱ्याचं शरदात होईल. पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा दिसला तो बाईंच्या अंगठीतला निळा खडा. एवढा निळा रंग जगात आहे हे मी विसरूनच गेलो होतो. मग मावजुदा दिसली. मी म्हणालो, “तू एवढी सुरकुतलीस, मला कोणी सांगितलं नाही?” ती म्हणाली, “आधी आरशात बघा, मग बोला.” बघितलं. मग बोललो नाही.

बोबोकुलची दोन बोटं वळत नाहीत. वळणारही नाहीत. बाजाराच्या दिवशी मी त्याच्या दुकानात उभा राहून मांस कापून देतो. त्याने मला माफ केलंय की नाही, कळत नाही. पहिल्या दिवशी माझ्याकडे न बघता म्हणाला, “चरबी वेगळी काढा.” अजून तेवढंच म्हणतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

मार्चमध्ये, नवरोजच्या आदल्या शुक्रवारी, नमाज सुटल्यावर मी आळीच्या मधोमध उभा राहिलो आणि सगळ्यांना थांबवलं. म्हणालो, “मी इथेच माझ्या भावाला चोर म्हणालो होतो. तो चोर नाही. मला दिसत नव्हतं, माझी पाती बिघडत होती, तो ती गुपचूप दुरुस्त करत होता.” वाटलं, आता लोक चकित होतील.

कोणीही चकित झालं नाही, आपा. तुरगुन पुढे आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. “होलमत,” म्हणाला, “आम्हाला ठाऊक होतं.”

“काय ठाऊक होतं?”

“सगळं. शुक्रवारी तुझ्या छपरातून धूर निघायचा, तो सगळ्या आळीला दिसायचा. तुलाच तेवढा दिसत नव्हता. आम्ही ठरवलं होतं, तुझ्याशी यावर बोलायचं नाही. भाऊ भावाला सांभाळतोय, आपण मध्ये का पडा?”

“आणि मी त्याला चोर म्हणालो त्या दिवशी?”

“त्या दिवशी आम्ही माना खाली घातल्या. तुला वाटलं असेल, त्याच्या लाजेने. तुझ्या लाजेने घातल्या होत्या, बाबा.”

कट होता, म्हणजे माझं म्हणणं खरं होतं. अख्खी आळी कटात होती. फक्त तो माझ्यासाठी होता, एवढंच मला ओळखता आलं नाही.

घाट उघडला तेव्हा होशिमबरोबर मी निरोप पाठवला, तो इलहोमला मिळाला हे तुम्हाला ठाऊकच आहे. पंधरवडा गेला, तो आला नाही. मी रोज थांब्यावर जाऊन बसायचो. मनात यायचं, होशिमने निरोप दिलाच नसेल. आपांनी अडवलं असेल. मग एक दिवस कळलं की मी उगाच दुसऱ्यांवर घसरतोय. त्याच्या जागी मी असतो तर मी आलो नसतो. माझी भीती ती होती.

गेल्या गुरुवारी तो आला. दारात उभा राहिला, पिशवी खांद्यावर तशीच. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. त्याच्या दाढीत केवढे पांढरे केस!

“हे कधी पिकले रे?” मी विचारलं.

“केव्हाच, आको.”

मावजुदा चहा घेऊन आली, त्याला बस म्हणाली. तो बसला नाही.

“मी राहायला आलो नाही,” तो म्हणाला. “होशिमने सांगितलं, तुम्ही आळीत सगळ्यांसमोर शब्द मागे घेतलात.”

“घेतला. तुरगुनला विचार.”

“मला चोर म्हणालात तेव्हा मी समोर उभा होतो. मागे घेतलात तेव्हा मी कुठे होतो?”

मी हातातला पेला खाली ठेवला.

“तिकडे आपांच्या अंगणात झोपायचो,” तो म्हणाला, “आणि रोज पहाटे तुमचा आवाज कानात यायचा. ‘माझ्या ताटात जेवतो.’ मीच मनाशी म्हटलं होतं, चोर म्हटलं तरी चालेल. नाही चालत, आको. मला वाटलं होतं त्याहून ते जड निघालं. माझ्यादेखत मागे घ्या. नाहीतर मी संध्याकाळच्या गाडीने जातो.”

मावजुदा म्हणाली, “अरे, आत्ताच आलास, दोन घास तरी…”

“वहिनी, आधी ते.”

मला राग आला, आपा. खरं सांगतो. थोरल्या भावाला अटी घालतो! शब्द अगदी जिभेच्या टोकाशी आले होते. मग त्याच्या दाढीकडे बघितलं आणि टोपी घातली.

आम्ही आळीत गेलो. गुरुवार होता, सगळ्या भट्ट्या चालू, हातोड्यांचा नुसता गलका. मी तुरगुनच्या ऐरणीवर हातोडा मारला, सगळे थांबेपर्यंत मारत राहिलो. इलहोमचा हात धरून त्याला शेजारी उभा केला. आणि मागच्या वेळी बोललो तेच पुन्हा बोललो, पण या वेळी त्याच्याकडे तोंड करून. “तू चोर नाहीस. चोर म्हणणारा मी आंधळा होतो, आणि आंधळा आहे हे ठाऊक असूनही म्हणालो.” हे शेवटचं वाक्य मी ठरवलं नव्हतं. आपोआप निघालं. ते खरं आहे, आपा. राखेत हात भाजला त्या दिवशी मला सगळं कळलं होतं. मला दुसऱ्या कोणाला तरी धरायचं होतं, म्हणून मी त्याला धरलं.

इलहोम बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. माझं बोलणं खरं की आणखी काही डाव आहे, असं बघत असावा. त्याचा तो हक्क आहे.

मग तुरगुन म्हणाला, “झालं असेल तर माझी ऐरण सोडा, माझं लोखंड थंड पडलंय.” लोक हसले. इलहोमही थोडासा हसला.

तो संध्याकाळच्या गाडीने गेला नाही. पण राहिला असंही म्हणता येत नाही. पिशवी अजून खुंटीला आहे, आतले कपडे आतच. जेवताना आम्ही दोघं अजून मावजुदामार्फत बोलतो. “आकोंना विचारा, नान हवं का.” “त्याला सांग, आहे.”

काल भट्टी पेटवली. नव्या डोळ्याने रंग वेगळेच दिसतात, आपा. पूर्वीचा पिवळा आता मला फिकट, निळसर वाटतो. सगळं पुन्हा शिकायला हवं. मी पातं धरलं, तो शेजारी उभा राहिला. “अजून… अजून… आता!” असं तो म्हणाला आणि मी पातं बाहेर काढलं. पाणी पाजायला घरातला धाकटा मोठ्याला शिकवतोय, हे बाबांनी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते, खुदा जाणे.

मग त्याने कानस घेतली आणि एकेक पातं माझ्यासमोर तपासलं. आता लपवाछपवी नाही. चौथ्या पात्यावर थांबला आणि माझ्यापुढे सरकवलं.

“हे पुन्हा,” म्हणाला. सरळ मला. मावजुदाला मध्ये न घालता.

अंगाचा तिळपापड झाला. पातं उचललं आणि पुन्हा भट्टीत घातलं.

आपा, तुम्ही त्याला आठ महिने घरात ठेवून घेतलंत, खाऊपिऊ घातलंत आणि मला लिहिलंत की त्याचा पत्ता नाही. खुदा तुमचं भलं करो. पण यापुढे मला खोटं लिहू नका. आता मला वाचता येतं.

तुमचा भाऊ,
होलमत